अमर माणसे आणि म्हाताऱ्या पेशी

लग्नपत्रिकेत वराच्या नावाआधी आपण सवयीने ‘चि.’ छापतो, परंतु सात चिरंजीवांपैकी अश्वत्थामा कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत नर्मदाकाठी फिरतो, ही लोककथा तेव्हा कोणाला आठवत नाही. अलीकडच्या कथा-चित्रपटांतले अमर नायक बहुधा तिशीतच थांबलेले असतात आणि जिवलगांचा वियोग एवढेच त्यांचे दुःख असते. त्यापेक्षा जोनाथन स्विफ्टची कल्पना मला शरीरशास्त्राला अधिक धरून वाटते. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) डाव्या भुवईवर लाल ठिपका घेऊन जन्मणारे स्ट्रल्डब्रग मरत नाहीत, पण म्हातारे होतच राहतात, ऐंशी वर्षे पूर्ण होताच कायदा त्यांना मृत ठरवतो आणि मालमत्ता वारसांकडे जाते.

पेशींतही असेच घडते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. थांबलेली पेशी लगेच मरत नाही. ती तशीच जगत राहून भोवती दाह वाढवणारी रसायने सोडते. पेशींमधला स्ट्रल्डब्रगच म्हणा ना!

याचे कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. डीएनएची नक्कल करणारे पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) कोऱ्या जागी काम सुरू करू शकत नाही. त्याला आधी आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो. नक्कल झाल्यावर हे तुकडे काढून त्या जागी डीएनए भरला जातो, पण अगदी टोकाची फट भरायला पलीकडून सुरुवात करण्याजोगी जागाच नसते. त्यामुळे दर विभाजनात टोक थोडे आखूड होते. तेथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. टोकाचा हा भाग म्हणजे टेलोमिअर. तो झिजतो म्हणून आतली जनुके शाबूत राहतात आणि तो फार आखूड झाला की विभाजन थांबते. टेलोमरेज हे विकर टोक पुन्हा लांबवते, पण बहुतेक कर्करोगपेशी त्याच्याच बळावर अमर होतात. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशींचा वंश आजही वाढतो आहे; लॅक्स त्याच वर्षी वारल्या. म्हणून टेलोमिअर लांबवून तारुण्य देणाऱ्या गोळ्यांची जाहिरात आणि कायाकल्प करून देणारा बाबा यांना मी एकाच पंगतीला बसवतो.

मेंदूतील बहुतेक चेतापेशी तर विभागतच नाहीत, त्यामुळे तेथल्या वार्धक्याचा उलगडा या झिजेतून होत नाही. स्विफ्टच्या नव्वदीतल्या अमरांना वाचनाचाही विरंगुळा उरत नाही, कारण वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात ते विसरलेले असतात.