जुना पंधरा नंबर शोधू नका, पुढचं गाव विचारा
(स्वतःच्या गाडीने राजस्थानच्या वाळवंटात निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बुकिंग झालं की दोन-तीन दिवसांत फोन येतोच. "तुमच्या मार्गाच्या कागदावर महामार्गाचे 68, 11 आणि 62 असे तीन नंबर दिलेत. आमच्या घरच्या नकाशात तर सगळा एकच रस्ता आहे, 15 नंबरचा. बरोबर कोण?"

दोघंही बरोबर. पण ह्या एका गोंधळापायी दर हिवाळ्यात आमची एखादी तरी गाडी शंभर-दीडशे किलोमीटर भलतीकडे जाते, म्हणून उत्तर छापूनच घेतलं. निघायच्या आदल्या रात्री वाचा. एकदा गाडी सुरू झाली की कुणी वाचत नाही, हा आमचा अनुभव आहे.

नंबर कुठे गेला

जुना राष्ट्रीय महामार्ग 15 पठाणकोटहून निघायचा आणि अमृतसर, भटिंडा, गंगानगर, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, सांचोर करत कच्छच्या तोंडाशी सामखियाळीला संपायचा. लांबी पंधराशे किलोमीटरच्या वर, त्यातले नऊशेच्या आसपास एकट्या राजस्थानात. पाकिस्तानची सीमा पश्चिमेला ठेवून सबंध वाळवंट उभं चिरत जाणारा हा रस्ता. आमची सहल त्याच्या राजस्थानातल्या भागावर बेतलेली आहे, खालून वर, सांचोर ते गंगानगर.

2010 साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नव्याने नंबर दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. आपला रस्ता काही सरळ रेषेत जात नाही, जैसलमेरला चांगलाच वळसा घेतो. त्यामुळे त्याचे तुकडे पडले. सांचोर ते जैसलमेर 68 झाला, जैसलमेर ते बिकानेर 11 आणि बिकानेर ते गंगानगर 62. डांबर तेच आहे, दगडांवरचे आकडे बदलले.

आणि 15? तो आता आसामात आहे, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठाने जातो. आमच्या एका काकांनी सांचोरच्या चहाच्या टपरीवर बसून फोनमध्ये नुसतं 'एनएच 15' टाकलं, तर समोर तेजपूर आलं. काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अजून चिडतात.

जिथे वेळ जातो ती चूक

आता मुद्द्याचं. तीन नंबरांपैकी 68 आणि 11 फारसा त्रास देत नाहीत. (घरी जुना नकाशा असेल तर त्यातला 11 आग्र्याहून जयपूरमार्गे बिकानेरला येणारा आहे. तो 11 वेगळा, हा वेगळा.) त्रास देतो तो 62.

हा 62 पंजाबातल्या अबोहरकडून गंगानगर, सूरतगढ, लूणकरणसर करत बिकानेरला येतो, आणि बिकानेरला थांबत नाही. तसाच खाली नोखा, नागौर, जोधपूर, पाली, सिरोही करत पिंडवाड्यापर्यंत जातो. म्हणजे बिकानेरमधून 62 नंबरचे दोन रस्ते निघतात, एक वर आणि एक खाली. आपल्याला वरचा हवा. लोक पाटीवर 62 पाहतात, कागदाशी ताडून बघतात, 'जुळलं' म्हणतात आणि नोख्याच्या दिशेने सुसाट सुटतात. नोखा येईपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर झालेले असतात. तेवढेच परत. अर्धा दिवस गेला.

पिंडवाड्याची गंमत याहून महागात पडते. काही मंडळी येताना माउंट अबू करून येतात. आमची हरकत नाही. पण अबूहून खाली उतरलं की थोड्याच अंतरावर पिंडवाडा, आणि तिथे 62 ची पाटी. आमच्या कागदाच्या तिसऱ्या पानावर 62 आहे हे डोक्यात असतं, तो तिसऱ्या टप्प्याचा आहे हे नसतं. एका डिसेंबरात दोन गाड्या आणि नऊ माणसं अशी वळली. संध्याकाळी पालीहून फोन, "बाडमेर किती राहिलं?" काय सांगणार! त्या रात्री जोधपूरला मिळेल त्या भावात खोल्या घ्याव्या लागल्या आणि बाडमेरच्या तीन खोल्या रिकाम्या राहिल्या. ते पैसे परत मिळाले नाहीत. हॉटेलवाला म्हणतो खोली धरून ठेवली होती, आणि त्याचंही खोटं नाही. आमच्याकडे त्यातला रुपया आला नाही, एवढं मात्र नमूद करून ठेवतो, कारण तसं बोललं गेलं.

अबू करायचंच असेल तर आधी सांगा. तिथून सांचोरला येण्याचा वेगळा कागद आम्ही देतो, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत.

मग करायचं काय

नंबर विसरा. गावं पाठ करा. पाढा म्हणतो तशी, क्रमाने:

सांचोर, गांधव, धोरीमन्ना, बाडमेर. शिव, देवीकोट, जैसलमेर. पोकरण, रामदेवरा, फलोदी, बाप, कोलायत, बिकानेर. लूणकरणसर, सूरतगढ, गंगानगर.

(हो, बाप. फलोदीच्या पुढे खरंच बाप नावाचं गाव आहे. 'बाप कुठे आहे?' हा विनोद गाडीत एकदाच करा.)

पाट्या हिंदीत असतात, वाचता येतातच. बाडमेरचा 'ड' खाली टिंब घेऊन येतो, सांचोरचं सांचौर होतं, एवढाच फरक. वाटेत विचाराल तेव्हा 'हायवे कुठला' असं विचारू नका, 'धोरीमन्ना कुठे' असं विचारा. टपरीवरच्या माणसाला नंबर जुना माहीत असेल की नवा, ह्याचा नेम नसतो. गाव सगळ्यांना माहीत असतं.

फोनलाही तेच लागू. सांचोरमध्ये बसून थेट बिकानेर टाकलंत, तर तो तुम्हाला नव्या सहापदरी अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्गावर नेऊन सोडेल. त्याचा राजस्थानातला पाचशे किलोमीटरचा भाग जुलै 2023 मध्ये खुला झाला. रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो बाडमेर, जैसलमेर, पोकरण ह्यांतल्या एकाही गावाला शिवत नाही. संध्याकाळी बिकानेरला पोहोचाल, वाळवंट काचेतून बघून. ते करायचं असेल तर आमची गरज नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फोनमध्ये नेहमी पुढचं मुक्कामाचं गाव टाका, शेवटचं नव्हे.

"बाडमेरला मुक्काम कशाला?"

हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. बाडमेर ते जैसलमेर दीडशे किलोमीटरच, एका दमात होईल की! होईल. पण तुम्ही त्या दिवशी अहमदाबादहून निघालेले असता आणि आदल्या दिवशी पुण्याहून. बाडमेरला पोहोचेपर्यंत उन्हं कलतात, आणि पुढचा रस्ता अंधारात करण्याचा नाही. गायी, नीलगाई, उंट रस्त्यावर येतात, बसतात सुद्धा. उंटाचे पाय लांब आणि धड उंच, त्यामुळे दिव्याच्या झोतात आधी चार काठ्या दिसतात आणि उंट कळेपर्यंत ब्रेकची वेळ टळलेली असते. आमचा नियम एकच: सूर्य मावळला की चाकं थांबली पाहिजेत. एक मुक्काम वाढवून आम्ही पैसे काढतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाडमेर वगळून बुकिंग करावं, आम्ही करून देतो. मात्र त्या रात्रीची जबाबदारी घेत नाही.

शिवाय बाडमेरचा मुक्काम वाया जात नाही. सकाळी मुनाबावच्या रस्त्याला पस्तीसेक किलोमीटरवर किराडूची देवळं आहेत. आमच्या ग्राहकांपैकी निम्म्यांनी नावही ऐकलेलं नसतं, आणि परतल्यावर फोटो त्यांचेच जास्त असतात. दुपारी जैसलमेरकडे निघालात की शहराच्या सतरा किलोमीटर आधी अकलचं जीवाश्म उद्यान लागतं. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेत. वाळवंटाच्या जागी कधीकाळी दाट जंगल होतं ह्यावर पोरांचा विश्वास तिथेच बसतो. अर्धा तास पुरे.

गांधवला लूणी नदी ओलांडताना पूल चुकवू नका. अजमेरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी समुद्राला मिळतच नाही, कच्छच्या रणात विरून जाते. लूणी म्हणजे खारी. हिवाळ्यात बहुतेक वाळूच दिसेल. ह्याच गांधवच्या जवळ 925अ ह्या महामार्गावर हवाई दलाची विमानं उतरवण्यासाठी तीन किलोमीटरची धावपट्टी बांधली आहे. सप्टेंबर 2021 मध्ये राजनाथ सिंह आणि आपल्या नागपूरचे नितीन गडकरी स्वतः विमानाने तिथे उतरले होते. ते ऐकून लोक मुद्दाम वाकडी वाट करतात. विमान रोज उतरत नाही हो. एरवी तो रुंद, सरळ रस्ता आहे, बस्स.

जैसलमेरच्या पुढे

जैसलमेरला दोन रात्री. शहराबद्दल आम्ही लिहीत बसत नाही, ते सगळीकडे मिळतं. वेळेचं सांगतो: जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला आहे, जानेवारीत साडेसातच्या सुमारास उजाडतं. पुण्याच्या हिशोबाने पहाटे उठून गाडी काढू नका, गडद अंधारच असतो.

सीमेजवळचं तनोटचं देऊळ आणि लोंगेवालाची युद्धभूमी बहुतेकांना करायची असते. ज्यांच्या गाडीत अमेरिकेहून आलेला मुलगा किंवा सून आहे, त्यांनी इथे थांबून वाचावं. परदेशी नागरिकांसाठी सीमेलगतचा पट्टा प्रतिबंधित आहे, आणि गंगानगर ते सांचोर ह्या पट्ट्याची हद्द नियमांत ह्याच जुन्या 15 नंबरने आखलेली आहे. रस्त्याच्या पश्चिमेला परवानगीशिवाय त्यांना जाता येत नाही, काही जागांना तेवढी सूट आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) म्हणजे भारतीय पासपोर्ट नव्हे. बुकिंगच्या वेळी आम्ही प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला हे विचारतो ते चौकशी म्हणून नाही. "तो आपलाच आहे हो" हे तिथल्या तपासणी नाक्यावर चालत नाही.

पोकरणला लोक अणुस्फोटाची जागा विचारतात. 1974 आणि 1998 च्या चाचण्या ज्या भागात झाल्या तो लष्कराचा आहे, पर्यटकांना प्रवेश नाही. किल्ला बघा, जेवा आणि निघा. रामदेवरा तिथून बारा किलोमीटर. भाद्रपदात रामदेवबाबांच्या जत्रेला लाखोंनी लोक पायी येतात, ध्वज घेऊन, अगदी आपल्या वारीसारखे. तेव्हा ह्या रस्त्यावर गाडी चालवणं म्हणजे पालखीच्या दिवशी दिवेघाट चढण्यासारखं. आम्ही त्या पंधरवड्यात बुकिंग घेत नाही. आग्रह करू नये.

फलोदीला मे 2016 मध्ये 51 अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. आम्ही मार्च ते सप्टेंबर गाड्या का पाठवत नाही, ह्याचं उत्तर त्या एका आकड्यात आहे. हिवाळ्यात मात्र तिथून जवळच खीचनला हजारो कुर्जा पक्षी उतरलेले असतात. सकाळी गाव त्यांना दाणे घालतं. जैसलमेरहून बिकानेरला जाताना हे साधायचं तर फलोदीला एक मुक्काम जास्त लागतो. आम्ही सुचवतो, लादत नाही. पण ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी कुणी पैशांबद्दल बोललेलं नाही.

बिकानेरची 62 ची गोष्ट वर सांगितलीच. देशनोकचं करणीमातेचं देऊळ मात्र खालच्या, नोख्याच्याच रस्त्यावर आहे, तीस किलोमीटर. ते बघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी बघून बिकानेरला परत या. सकाळी तिकडे गेलात की पाय वर वळत नाहीत.

शेवटचा टप्पा, बिकानेर ते गंगानगर. डिसेंबर-जानेवारीत सूरतगढच्या पुढे दाट धुकं पडतं, नऊच्या आत निघू नका. लूणकरणसरनंतर हळूहळू हिरवं दिसायला लागतं आणि मागच्या सीटवरून तक्रार येते, "हे कसलं वाळवंट!" ती कालव्यांची करामत. गंगानगरकडचा गंग कालवा महाराजा गंगासिंहांनी 1927 मध्ये आणला, इंदिरा गांधी कालवा नंतरचा. किनू संत्री घ्या, पेटीने. नागपूरकरांनी तुलना करू नये.

पेट्रोल, पैसे, फोन

सांचोर, बाडमेर, जैसलमेर, फलोदी, बिकानेर इथे टाकी भरायचीच, अर्धी असली तरी. सीएनजीच्या भरवशावर येऊ नका. फास्टॅगमध्ये पैसे आणि खिशात थोडी रोकड दोन्ही हवं.

गाडी स्वतः चालवायची नसेल, तर जैसलमेर ते गंगानगर स्थानिक चालक मिळतो. त्याचा दर दरपत्रकात आहे. ज्येष्ठ जोडप्यांना आम्ही तोच सुचवतो, आणि त्याला 62 समजावून सांगावा लागत नाही.

आमचा फोन सकाळी सात ते रात्री नऊ सुरू असतो. फोन कराल तेव्हा 'आम्ही 62 वर आहोत' असं सांगू नका. शेवटचं कुठलं गाव गेलं आणि पाटीवर पुढचं कुठलं आहे, एवढं सांगा.

मार्गाचा कागद डॅशबोर्डवर ठेवू नका, काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं. मागे बसलेल्यांपैकी ज्यांना मोठ्याने वाचायची सवय आहे त्यांच्या हातात द्या. प्रत्येक घरात एक जण असतोच.