लिक्विड दाट म्हणजे कडक? मिठाचा खुलासा

"पाण्यासारखं पातळ आहे, नक्की पाणी घातलंय." भांड्यांचं सुटं लिक्विड विकणाऱ्या बचत गटांच्या बायकांना हे नेहमी ऐकावं लागतं. गिऱ्हाईक बाटली तिरकी करतं, ओघळ किती संथ येतो ते बघतं आणि मालाची लायकी ठरवतं. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा फटका प्रामाणिक माल करणाऱ्यांनाच बसतो.

तेलकटपणा काढतात ते कॉस्टिक सोड्याने शमवलेली ॲसिड स्लरी (डिटर्जंट बनवायचं आम्ल) आणि एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, तेल सोडवणारं आणि फेस देणारं रसायन). दाटपणा मात्र बहुतेकदा साध्या मिठाचा असतो. बादलीत एसएलईएसचं पातळ द्रावण घ्या, मिठाचं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. बघता बघता दांडा जड होतो, धार मधासारखी पडते. मिठामुळे एसएलईएसच्या रेणूंचे गोल पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात. मीठ जास्त झालं की तेच द्रावण पुन्हा पातळ! या सगळ्यात तेल काढणारा घटक कणभरही वाढत नाही.

फेसाचंही तसंच. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात, तरी कपडे स्वच्छ निघतात. उलट जास्त फेस म्हणजे खळबळायला जास्त पाणी, आणि टँकरच्या गावात ते परवडत नाही.

पारख करायचीच तर दोन्ही लिक्विडं सारख्या मापाने घ्या, सारख्या तेलकट ताटल्या घासा, धुवा आणि बोट फिरवून बघा.