साडेतीन सेकंदांच्या जागेत मावलेलं संगीत

२०२५ च्या सुरुवातीला एक बातमी फिरली: निंटेंडोचे जुने सुपर फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे संच, वय वाढेल तसे अधिक वेगाने गाणी वाजवू लागलेत. जगभरच्या हौशी मंडळींनी आपापली यंत्रं मोजली. या यंत्रातल्या ध्वनिचिपने सेकंदाला ३२,००० नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची क्षणाक्षणाची मापं, बाहेर सोडायचे असतात. प्रत्यक्षात सरासरी ३२,०७६ च्या आसपास निघाली. म्हणजे फरक पाव टक्क्याहूनही कमी. ४४० हर्ट्झचा सूर ४४१ वर गेला, एवढंच. चिपला ठेका देणारा सिरॅमिकचा छोटा तुकडा प्रत्येक यंत्रात किंचित वेगळा असतो आणि तापला की थोडा बदलतो. त्यात आश्चर्य नाही.

यावरून आठवलं. ४३२ हर्ट्झला लावलेलं संगीत पेशी दुरुस्त करतं, असं सांगणारे व्हिडिओ आपल्या घरातली शिकलेली माणसंही पुढे पाठवतात. ‘सा’ कुठे धरायचा हा वादकांनी आपसांत ठरवायचा संकेत आहे. पेशींना त्याचं काही देणंघेणं नाही.

सुपर फॅमिकॉमच्या त्या बातमीने मला वेगळ्याच कारणासाठी खूश केलं: त्या चिपबद्दल बोलायचं निमित्त मिळालं. सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवलेली ही चिप नोव्हेंबर १९९० मध्ये जपानी घरांत पोचली. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचं ‘फायनल फँटसी ६’ (१९९४) या खेळाचं आणि प्रामुख्याने यासुनोरी मित्सुदा यांचं ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) या खेळाचं संगीत तिच्यावरच वाजलं. तीस वर्षं उलटली, तरी लोक या चाली गुणगुणतात, ऑर्केस्ट्रा त्या सभागृहांत वाजवतात. ‘बालपणीच्या आठवणी, दुसरं काय’ असं म्हणून हे झटकून टाकणं मला पटत नाही. मी यातले काही खेळ मोठेपणी पहिल्यांदा ऐकले.

या चिपला स्वतःची मेमरी होती फक्त ६४ किलोबाइट. आवाजाचे १६ नमुने ती दाबून ९ बाइटांच्या एका ठोकळ्यात बसवायची. हिशेब करा: सेकंदाला ३२,००० नमुने म्हणजे २,००० ठोकळे, म्हणजे १८,००० बाइट. सगळी मेमरी आवाजाने भरली तरी साडेतीन सेकंदांच्या थोडंच पुढे जाता येतं. त्यातच वादनाचा प्रोग्राम आणि स्वरलिपीही ठेवायची. आणि खेळ पुरा करायला वीस-तीस तास लागणार!

मग वाद्यं यायची कुठून? तार छेडल्यावर पहिला क्षण फार गुंतागुंतीचा असतो. पुढे मात्र जवळपास तीच लाट पुन्हा पुन्हा येते. म्हणून पहिला क्षण साठवायचा आणि पुढची एकच लाट फिरवत ठेवायची. ६४ नमुन्यांची लाट चार ठोकळ्यांत, म्हणजे ३६ बाइटांत बसते. तेवढ्या जागेत युनिकोड देवनागरीची जेमतेम बारा चिन्हं मावतात. ती लाट मूळ वेगाने फिरवली की ५०० हर्ट्झचा सूर येतो, दुप्पट वेगाने फिरवली की वरच्या सप्तकातला. असे आठ आवाज एका वेळी.

पण माझा जीव जडलाय तो या चिपच्या प्रतिध्वनीवर. मेमरीचा एक पट्टा गोल चकतीसारखा वापरला जातो. चिप तिथे नमुना लिहिते, चकतीची फेरी पुरी झाली की तोच वाचते, थोडा मंद करून नव्या आवाजात मिसळते आणि परत लिहिते. दर १६ मिलिसेकंदांच्या विलंबाला २ किलोबाइट लागतात, आणि विलंब जास्तीत जास्त २४० मिलिसेकंद. एवढ्या वेळात आवाज चाळीसेक मीटरवरच्या भिंतीला आपटून परत येतो. त्या भव्य दालनासाठी ३० किलोबाइट मोजायचे, म्हणजे जवळपास निम्मी मेमरी! दालन मोठं हवं, तर बासरी नाहीतर ढोल सोडा.

त्यातही भिंत दगडाची की पडद्यांची, हे ठरवायची सोय आहे. परतणाऱ्या आवाजातल्या ताज्या आठ नमुन्यांना आठ आकड्यांनी गुणून बेरीज घेतली जाते. समजा, आठही आकडे एक अष्टमांश ठेवले. ४,००० हर्ट्झच्या सुराची एक लाट बरोबर आठ नमुन्यांत पुरी होते. तिचे चढ-उतार एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य. तो सूर प्रतिध्वनीतून नाहीसाच होतो. १,००० हर्ट्झचा सूर मात्र जवळपास ९० टक्के शाबूत परततो. आकडे बदला, भिंती बदलतात. आकडे चुकले तर प्रत्येक फेरीत आवाज वाढत जाऊन किंकाळी फुटते.

‘क्रोनो ट्रिगर’मध्ये आकाशात तरंगणाऱ्या झील राज्याची चाल आहे. या चाली साठवणारी एसपीसी फाइल म्हणजे चिपच्या मेमरीचं छायाचित्रच, सगळी मिळून ६६,०४८ बाइट. ती उघडून मी एकेक आवाज बंद करत गेले. आधी सतारीसारखी तार, मग तबल्याच्या वळणाचा ठेका. शेवटी सगळे परत चालू करून फक्त प्रतिध्वनी बंद केला. सूर तेच, लय तीच, पण राज्य आकाशातून खाली आलं, एखाद्या बंद खोलीत.

आता लक्षात का राहतं, याबद्दल थोडं. परिचयाने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. या खेळांत चार पावलं टाकली की लढाई सुरू होते आणि लढाईची चाल दर वेळी पहिल्या मात्रेपासून वाजते. म्हणजे पहिले काही सेकंद शेकडो वेळा कानांवर पडतात. उएमात्सु यांनी ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहाही भागांत लढाईची सुरुवात खर्जातल्या त्याच धावत्या सुरावटीने केली. पण नुसत्या पुनरावृत्तीने काम भागत नाही. वाईट चाल शंभरदा ऐकली की माणूस आवाज बंद करतो.

‘फायनल फँटसी ६’मध्ये तर चक्क ऑपेराचा प्रवेश आहे. गाण्याचे शब्द साठवायला जागा कुठली? उएमात्सु यांनी मानवी कंठासारखा एक आवाज घेतला आणि गाण्याच्या सुरांवर चढवला-उतरवला. शब्द पडद्यावर अक्षरांत येत राहतात, आणि खेळातली सेलेस ही पात्र सज्ज्यावर उभी राहून गात असते.