अलकनंदेच्या भुजा आधी का दिसल्या नाहीत

पुण्याच्या गणेशखिंडीतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका (भोवऱ्यासारख्या भुजा असलेली ताऱ्यांची प्रचंड तबकडी) उजेडात आणली. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचे हिंदी नाव. हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण-नदी, म्हणून हे नाव. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारे हे केंद्र, पण हा शोध जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांतून लागला. महास्फोटानंतर अवघ्या दीड अब्ज वर्षांनी तिथे दोन रेखीव भुजा तयार होत्या.

खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांना १८४५ मध्ये एम ५१ या दीर्घिकेची भोवऱ्यासारखी रचना दिसली. भुजा म्हणजे तबकडीतून फिरणारी घनतेची लाट, ही मांडणी लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये केली. अशी लाट टिकायला तबकडी स्थिरावलेली हवी. आरंभीच्या दीर्घिका वायूने भरलेल्या, खळबळत्या. म्हणून सुबक भुजांना कित्येक अब्ज वर्षे लागत असावीत, असा समज रुजला.

या समजाला हबल अवकाश दुर्बिणीच्या मर्यादेनेही बळ दिले. हबल १.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीपर्यंतच पाहते. अलकनंदेची ताम्रसृती सुमारे ४, म्हणजे तिथून निघालेली प्रत्येक तरंगलांबी इथे पोहोचेपर्यंत पाचपट ताणली जाते. १.७ला ५ने भागा: ०.३४ मायक्रॉन, तेही अतिनीलच. त्यात उठून दिसतात ते नवजात ताऱ्यांचे पुंजके, आणि त्यांतलेही काही धूळ झाकते. तबकडी घडवणारे जुने तारे फिके पडतात आणि सर्पिल दीर्घिका नुसता गुठळ्यांचा गोळा वाटते. वेबचा कॅमेरा ५ मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणून पुंजके आणि तबकडी दोन्ही दिसतात.

अंतरही जपून ठरवावे लागते. मोजके फिल्टर असले, तर धुळीने लालसर झालेली जवळची दीर्घिका दूरची वाटू शकते. इथे २१ फिल्टर होते. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची रेषा ३.३ मायक्रॉनच्या आसपास सरकते आणि त्या पट्ट्याच्या फिल्टरमध्ये दीर्घिका जास्त उजळते; त्यावरून ताम्रसृती आणि पर्यायाने अंतर पक्के होते.

वाटेतल्या एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वीय भिंगाने, म्हणजे त्याच्या गुरुत्वाने प्रकाश वाकवल्याने, तिचा प्रकाश सुमारे दुप्पट केला आहे. ती वाढ वजा केली नाही, तर वस्तुमान आणि ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग दोन्ही फुगतात. दुरुस्तीनंतर व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, तारे साधारण १० अब्ज सूर्यांइतके आणि दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतके नवे. याच वेगाने एवढे तारे जेमतेम १७ कोटी वर्षांत घडतात. इतकी घाई थक्क करते. दोन्ही आकडे भिंगाने सारखेच वाढतात, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर भिंगाच्या चुकीपासून सुरक्षित राहते.

भुजा लाटेच्या, की शेजारच्या छोट्या दीर्घिकेच्या ओढीच्या? त्यासाठी वर्णपट घेऊन वायूचा वेग ठिकठिकाणी मोजावा लागेल. तबकडी शिस्तीत, सुरळीत फिरत असेल तर लाटेचे पारडे जड. वेग वेडेवाकडे निघाले तर ओढीचे.