आंतरजाल युगातील संगीत व्यवसाय आणि स्वामित्वहक्क

ध्वनिमुद्रित संगीताची निर्मिती, वितरण आणि श्रवण आंतरजालावर गेल्यानंतर संगीतकार, गीतकार, गायक व वादक यांच्या उपजीविकेत आणि त्यांच्या निर्मितीवरील कायदेशीर हक्कांच्या व्यवहारात झालेल्या बदलांचा विचार या नोंदीत केला आहे. पूर्वी कलावंताच्या वाटेतील मुख्य अडसर ध्वनिमुद्रिका बाजारात आणण्याचा होता. त्यासाठी लागणारे भांडवल आणि वितरणाचे जाळे मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. आज गाणे जगभर उपलब्ध करण्यास काही दिवस पुरतात. त्यातून येणारा पैसा कोणाच्या खात्यावर जमा होणार, हे मात्र आजही कोणता हक्क कोणाकडे आहे यावरच ठरते.

दुहेरी हक्क : प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात किमान दोन स्वतंत्र कलाकृती असतात. एक म्हणजे शब्द व चाल यांची रचना आणि दुसरी त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. रचनेचा हक्क मुळात गीतकार व संगीतकार यांचा असतो आणि बहुधा संगीत प्रकाशकामार्फत हाताळला जातो, तर मास्टरचा हक्क ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलणाऱ्या निर्मात्याकडे, म्हणजे पूर्वापार संगीत कंपनीकडे, जातो. १८८६ च्या बर्न करारातून रचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाची चौकट उभी राहिली आणि १९०८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी नोंदणीची अट उरली नाही. गायक-वादक आणि ध्वनिमुद्रणाचे निर्माते यांच्या हक्कांना १९६१ च्या रोम कराराने मान्यता दिली. हे दोन हक्क वेगळे असल्याचा परिणाम अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट हिच्या प्रकरणात ठळकपणे दिसला. तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये तिच्या जुन्या कंपनीबरोबर विकले गेले. परंतु रचनाकार म्हणून तिचे हक्क शाबूत असल्याने २०२१ पासून तिने तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केली आणि २०२५ मध्ये मूळ मास्टरही विकत घेतले. अर्थात इतकी सौदाशक्ती फार थोड्या कलावंतांकडे असते.

फाइलपासून प्रवाहापर्यंत : एमपी३ या संक्षेपण-पद्धतीमुळे गाण्याची फाइल इतकी लहान झाली की ती टेलिफोनच्या तारेवरूनही पाठवता येऊ लागली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टरने वापरकर्त्यांच्या संगणकांतील गाणी थेट एकमेकांना उपलब्ध करून दिली. संगीत कंपन्यांनी दावा लावला आणि न्यायालयाच्या निकालानंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. तिच्यासारख्या इतर सेवा मात्र निघतच राहिल्या. २००३ मध्ये ॲपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकण्यास प्रारंभ केला, त्यामुळे संपूर्ण अल्बम विकून होणारी कमाई विस्कटली. २००८ मध्ये स्पॉटिफाय ही स्वीडिश सेवा युरोपात सुरू झाल्यावर श्रोता गाणे विकत घेण्याऐवजी ऐकण्याची मुभा विकत घेऊ लागला. अनेक वर्षांच्या घसरणीनंतर उद्योगाचे उत्पन्न पुन्हा वाढले. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये ते २८.६ अब्ज डॉलर होते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा स्ट्रीमिंगचा, म्हणजे आंतरजालावरून गाणे थेट ऐकवण्याच्या सेवांचा, होता.

स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) वाटणी : स्ट्रीमिंग सेवा प्रत्येक श्रवणामागे ठरावीक दर देतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे; प्रत्यक्षात असा दर बहुधा नसतो. वर्गणी व जाहिरातींतून आलेल्या रकमेचा सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला काढला जातो आणि त्या काळातील एकूण श्रवणांत ज्या हक्कधारकाचा जितका हिस्सा असेल, तितका वाटा त्याला मिळतो. यामुळे एखादा वर्गणीदार महिनाभर एकाच अप्रसिद्ध वादकाला ऐकत असला, तरी त्याच्या वर्गणीतील मोठा भाग त्याने कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय कलावंतांकडे जातो. प्रत्येकाची वर्गणी त्याने ऐकलेल्यांतच वाटावी, हा पर्याय साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी स्वीकारला. याउलट स्पॉटिफायने २०२४ पासून, बारा महिन्यांत एक हजार श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणांना मास्टरचे स्वामित्वधन देणे थांबवले. संगणकीय कार्यक्रमांकरवी खोटी श्रवणे घडवून सामाईक रकमेतून पैसे काढण्याचे प्रकारही याच पद्धतीतून उद्भवले आहेत.

सेवेने दिलेली रक्कम कलावंतापर्यंत सरळ पोहोचत नाही. मास्टरचा मोठा वाटा कंपनीकडे जातो आणि कंपनी आपली उचल वसूल होईपर्यंत कलावंताचा हिस्सा हिशेबात वळता करून घेते. रचनेचा वाटा मास्टरच्या तुलनेत बराच लहान असून तो प्रकाशक व स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत येतो. अशा संस्था आंतरजालाच्या कितीतरी आधीच्या आहेत. फ्रान्समधील ‘सासेम’ १८५१ मध्ये स्थापन झाली. वार्षिक शुल्क किंवा टक्केवारी घेऊन स्वतंत्र कलावंतांची गाणी सर्व सेवांवर चढवणारे डिजिटल वितरक सामान्यतः मास्टरचेच पैसे आणून देतात. स्वतःच लिहून, चाल लावून, गाणाऱ्या कलावंताने रचनाकार म्हणून अशा संस्थेचे सदस्यत्व घेतले नसेल, तर त्याचे रचनेच्या हक्काचे पैसे कोठेतरी पडून राहतात. ही गळती किरकोळ नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या, रचनांच्या डिजिटल वापराचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या यांत्रिक परवाना संस्थेकडे २०२१ मध्ये डिजिटल सेवांनी मालक न सापडलेले सुमारे ४२.४ कोटी डॉलर एकरकमी सुपूर्द केले. ध्वनिमुद्रणाचा व रचनेचा आंतरराष्ट्रीय संकेतांक, सहरचनाकारांची नावे आणि त्यांच्या हिश्शांची टक्केवारी अचूक न नोंदवणे, हे अशा रकमा साचण्याचे प्रमुख कारण आहे.

मंचांची जबाबदारी : वापरकर्त्यांनी चढवलेल्या आशयाबद्दल संकेतस्थळ किती जबाबदार, या प्रश्नावर १९९८ च्या अमेरिकी कायद्याने तोडगा काढला : हक्कधारकाने सूचना देताच आशय हटवणाऱ्या मंचाला नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण मिळते. यूट्यूबने २००७ मध्ये ध्वनीचा ठसा ताडून पाहणारी स्वयंचलित यंत्रणा आणली, तीत हक्कधारक चित्रफीत अडवू शकतो किंवा तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. मात्र हक्काचे अपवाद, समीक्षेसाठी केलेला वापर किंवा हक्कमुक्त जुन्या रचनेचे नवे वादन यांची पारख यंत्राला नीट जमत नाही आणि त्यामुळे अभिजात संगीत वाजवणाऱ्यांना स्वतःच्याच वादनावर दुसऱ्याचा दावा आलेला पाहावा लागतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने मोठ्या मंचांवर परवाने मिळवण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली.

कलावंताचा चरितार्थ : स्वामित्वधनातून बहुसंख्य कलावंतांचे घर चालत नाही. प्रत्यक्ष मैफली, शिकवण्या, चित्रपट व जाहिरातींसाठी दिलेले परवाने, वस्तूंची विक्री आणि चाहत्यांची थेट वर्गणी यांतून ते मिळकतीची मोट बांधतात. रेडिओहेड या इंग्लिश वाद्यवृंदाने २००७ मध्ये श्रोत्याने हवी ती किंमत द्यावी अशा तत्त्वावर अल्बम उपलब्ध केला. तथापि या प्रयोगामागे कंपनीच्या पैशाने कमावलेली आधीची कीर्ती होती, हे विसरता येत नाही. संगीतकार जॅक काँटे यांनी २०१३ मध्ये सहसंस्थापक म्हणून सुरू केलेल्या पेट्रिऑन या संकेतस्थळाने चाहत्यांच्या मासिक आश्रयाची रीत रूढ केली. करारांच्या बाबतीत काही कायदे कलावंताच्या बाजूने झुकले आहेत. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या रचनांचे गीतकार व संगीतकार आपला स्वामित्वधनाचा समान हिस्सा वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांखेरीज कोणाला देऊन टाकू शकत नाहीत. युरोपीय निर्देशात, ठरलेला मोबदला नंतरच्या उत्पन्नाच्या मानाने फारच अल्प ठरल्यास वाढीव रक्कम मागण्याची तरतूद आहे.

यंत्रनिर्मित संगीत : ध्वनिमुद्रणांवर प्रशिक्षित झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली काही क्षणांत गाणे तयार करतात. अशा प्रशिक्षणासाठी परवाना लागतो काय, या मुद्द्यावर मोठ्या संगीत कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि युडिओ या अशा प्रणाली चालवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावे दाखल केले. मानवी सर्जनाचा अंश नसलेल्या निर्मितीला स्वामित्वहक्क मिळत नाही, अशी अमेरिकी स्वामित्वहक्क कार्यालयाची भूमिका आहे. आवाजाच्या नकलेचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, कारण स्वामित्वहक्क ध्वनिमुद्रणाला असतो, गळ्याच्या जातीला नाही. म्हणून त्यासाठी व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचा, म्हणजे स्वतःच्या ओळखीच्या व्यापारी वापरावरील हक्कांचा, आधार घेतला जातो आणि अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२४ मध्ये त्या हक्कांच्या कायद्यात आवाजाचा स्पष्ट समावेश केला.