हार्टनेल

हार्टनेल : मुख्यतः डेव्हन परगण्याशी निगडित असलेले एक इंग्रजी आडनाव. विसाव्या शतकात ब्रिटिश राजघराण्याच्या पोशाखांमुळे ते जगभर पोहोचले.

आपल्याकडच्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांप्रमाणे हेही स्थळावरून पडलेले दिसते. डेव्हनमधील मारवुडनजीकचे हार्टनॉल हे त्याचे मूळ मानतात. पहिला घटक जुन्या इंग्रजीतील ‘हेओर्ट’, म्हणजे नर हरीण. आजचे रूप पाहता शेवटी ‘हिल’ असल्याचा भास होतो. पण मग मधला ‘न’ कोठून आला, हे उलगडत नाही. त्यापेक्षा ‘क्नॉल’, म्हणजे टेकाड, ही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. आघात नसल्याने अंत्य स्वर सैल पडून ‘नॉल’चे ‘नेल’ झाले असावे.

वेशभूषाकार नॉर्मन हार्टनेल (१९०१–७९) यांनी १९२३ मध्ये लंडनच्या ब्रूटन स्ट्रीटवर स्वतःची पोशाखांची पेढी काढली. याच रस्त्यावरील १७ क्रमांकाच्या घरात १९२६ साली दुसऱ्या एलिझाबेथचा जन्म झाला. १९३८ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राणीच्या (पुढे राजमाता) आईच्या निधनामुळे राजदांपत्याचा पॅरिसचा शासकीय दौरा लांबणीवर पडला. तयार रंगीत पोशाख सुतकात चालेनात. काळ्याऐवजी सगळे पांढऱ्यात नव्याने शिवले गेले. राजघराण्यात पांढराही शोकाचा रंग मानला जाई. ही कल्पना आपलीच, असे हार्टनेल यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे.

दुसऱ्या एलिझाबेथच्या २ जून १९५३ च्या राज्याभिषेकाचा पांढरा सॅटिनचा झगा हे त्यांचे सर्वोत्तम काम म्हणावे लागेल. नऊ आराखड्यांपैकी आठवा राणीने पसंत केला, मात्र त्यात ब्रिटनबरोबर राष्ट्रकुलातील देशांचीही चिन्हे हवीत असे सांगितले. वेल्ससाठी हार्टनेल यांना डॅफोडिलचे फूल हवे होते. वंशचिन्हांच्या अधिकाऱ्याने लीकची (कांद्याच्या जातीची भाजी) पात धरायला लावली. रेशीम आणि चमकत्या खड्यांनी ती पातही त्यांनी देखणी केली. भारताचे कमळ मोती आणि शिंपल्यांनी भरले होते. भारत १९५० पासून प्रजासत्ताक होता, तरी राष्ट्रकुलाचा सदस्य म्हणून त्याला तेथे स्थान मिळाले. झग्याच्या डाव्या बाजूस, राणीचा हात टेकेल अशा जागी, हार्टनेल यांनी न सांगता शुभशकुनाचे एक चार पानी शॅमरॉक (आयर्लंडचे चिन्ह असलेली, एरवी तीन पानांची वनस्पती) भरून घेतले होते.

१९७७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पेढी १९९२ मध्ये बंद झाली. २०२० मध्ये राजकन्या बिअ‍ॅट्रिस यांनी विवाहात आजी दुसरी एलिझाबेथ यांचाच हार्टनेल पोशाख, थोडा फेरफार करून, परिधान केला.