साडेदहा वर्षं अंथरुणात?

सारसबागेत सकाळची फेरी झाली की आमचा कट्टा भरतो. परवा एकाने तिथे हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतीयांचं आयुर्मान ७०.८ वर्षं होतं आणि निरोगी आयुर्मान ६०.३. वजाबाकी साडेदहा. "म्हणजे शेवटची साडेदहा वर्षं दुसऱ्याच्या जिवावर!" सगळ्यांचा चहा कडू झाला.

वजाबाकी बरोबर आहे, अर्थ साफ चुकला. निरोगी नसणं वेगळं आणि सांभाळायला माणूस लागणं वेगळं.

संघटनेच्या हिशेबात प्रत्येक आजाराला आणि व्यंगाला शून्य ते एकच्या मधलं एक वजन असतं. ऐकू कमी येणं, गुडघे दुखणं, मधुमेह, ज्याचं जेवढं वजन तेवढा वर्षाचा तुकडा कापला जातो. पन्नास वर्षं दरसाल पाचवा हिस्सा गेला, तरी दहा वर्षं गेलीच की! ती आयुष्यभर विखुरलेली असतात, शेवटी एकगठ्ठा येत नाहीत.

निरोगी वर्षं मोजायची दुसरी रीत सलिव्हन या संशोधकाची, १९७१ सालची. समजा ७० ते ७४ या वयात लोक मिळून १००० वर्षं जगले आणि पाहणीत चारांतल्या एकाला अपंगत्व आढळलं, तर निरोगी वर्षं ७५०. इथे वजनबिजन नाही. अपंगत्व आहे किंवा नाही, एवढंच.

आता आमच्या वाड्यातले काका घ्या. लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर, वय पंचाहत्तर. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून मंडईत जातात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात, बँकेची कामं स्वतः उरकतात. सलिव्हनच्या बेरजेत पोलिओनंतरचं त्यांचं एकही वर्ष निरोगी म्हणून जमा होणार नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे मात्र अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही, त्यावरचा टक्का नाही. पण न्हाणीत पाय घसरेल या भीतीने त्या एकट्या अंघोळ करत नाहीत आणि खुर्चीतून उठायला हात लागतो. सकाळ-संध्याकाळ मावशी येतात.

ही गरज मोजायचे प्रश्न अगदी घरगुती आहेत. कॅट्झ या डॉक्टरांच्या १९६३ च्या यादीत सहा गोष्टी: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची यादी घराचा गाडा हाकण्याची: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचा व्यवहार. यातले स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांच्या गुणांत मुळात धरतच नसत. धरले असते तर सदाशिव पेठेतले कितीतरी आजोबा लग्नाच्या दिवसापासून परावलंबी ठरले असते!

कुठली यादी घेता त्यावर आकडा पार बदलतो. २०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे २४ टक्के लोकांना पहिल्या यादीच्या प्रकारातलं किमान एक काम जड जात होतं, दुसरीच्या प्रकारातलं ४८ टक्क्यांना. 'ज्येष्ठांना काळजीची गरज' अशा मथळ्याखाली यातला कोणताही आकडा येऊ शकतो, म्हणून प्रश्न काय विचारला होता ते आधी बघावं. शिवाय अडचण आहे म्हणजे मदत लागतेच असंही नाही. काका जिना चढायला पाच मिनिटं घेतात, पण चढतात. आणि घर? चौकापलीकडे सामायिक उकिडवा संडास असलेला वाडा आणि लिफ्ट-कमोडचा फ्लॅट, यांत तेच गुडघे वेगळं उत्तर देतात.

कायद्यानेही हा फरक केलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ही एक पायरी आहे. जास्त आधार लागणारी व्यक्ती ही वेगळी व्याख्या; त्यासाठी अर्ज निराळा, तपासणी निराळी. ससून रुग्णालयातून मिळालेल्या प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराबद्दल सांगतो. दिवसातले किती तास सोबतीला माणूस हवं, हे त्यावरून कळत नाही.

कट्ट्यावर हे सांगितलं तर एकाने विचारलं, मग आजींच्या औषधांचं कोण बघतं? काका. दर सोमवारी चौकातल्या मेडिकलमधून स्कूटरवर आणतात, आणि उरलेले सुटे पैसे मोजून परत देतात.